उजवीकडून धावलेल्या तीन शर्यती

सगुण,

रविवारी चार वाजता डिचोलीच्या स्टँडमागच्या शाळेत तुझी शोकसभा आहे. तिथं मी बोलायचं असं तुझ्या स्टँडवरच्या पायलटांनी ठरवलंय. मला विचारलं नाही. त्यांच्यातला जयवंत गॅरेजवर आला, पंक्चरच्या टायरवर बसला आणि म्हणाला, "मारुती, तूंच बरय. आमी उलोवपाक उबे रावले जाल्यार रडतले." मी म्हटलं, बाबा रे, मी सातवीतनं शाळा सोडलेला माणूस, मला भाषण लिहायला कुठलं जमतंय? तो म्हणाला, "सगुण तरी खंय शिकिल्लो? जमता."

म्हणून लिहितोय. तुझा जन्म, तुझं हळर्ण गाव, मागं कोण कोण राहिलं, हे पेपरात आलंच आहे, फोटोसकट. फोटो लायसनवरचा आहे. पोलिसानं अडवल्यासारखा दिसतोस त्यात. त्यातलं काही मला सांगायचं नाही. मला एकच गोष्ट सांगायची आहे. ती मी चार वर्षं तुला सांगितली नाही आणि आता सांगून तुला काही उपयोग नाही. तुझ्यावर राग नाही. खोटं कशाला बोलू, थोडा आहे. नऊ दिवसांची कावीळ. आमच्या आजऱ्याकडं सत्तरीचे म्हातारे झाडपाला खाऊन काविळीतनं उठतात आणि परत शेणाच्या पाट्या उचलतात. तुला चाळिशीही गाठता आली नाही. माझं बोलणं ऐकायला तरी थांबायचं होतंस.

घाट उतरून मी पहिल्यांदा डिचोलीला आलो तेव्हा हातात पत्र्याची ट्रंक होती आणि खिशात खनिज वाहणाऱ्या टिपरच्या गॅरेजचा पत्ता. पत्ता कुणाला विचारावा तर मी काय बोलतो ते समोरच्याला कळेना आणि समोरचा काय बोलतो ते मला. स्टँडवर तू पिवळ्या मडगार्डच्या गाडीवर आडवा पसरला होतास. गोव्यात मोटारसायकलवर पॅसेंजर नेणाऱ्याला पायलट म्हणतात हे मला कुठं ठाऊक! तू म्हणालास, "मी पायलट." मला वाटलं, हा येडा आहे. मी तसं बोललोही. तू इतका हसलास की गाडी स्टँडवरनं खाली आली. मग ट्रंक मांडीवर घेऊन मी तुझ्या मागं बसलो आणि तू मला गॅरेजवर न नेता आधी घरी नेलंस. सुमनवहिनींना ओरडून सांगितलंस, "गो, एक घाटी हाडलंय. भुकेलो आसा." खोली मिळेपर्यंत राहा म्हणालास. मी अकरा महिने राहिलो. सकाळी पाववाल्या पोदेराच्या पाटीतले गरम उंडे, दुपारी पेज आणि सुकं. मला भाकरीची आठवण यायची, पण कधी बोललो नाही. वहिनींना ते कसं कळलं देव जाणे. एका सोमवारी ताटात ज्वारीची भाकरी, कडेला जळालेली, मध्ये कच्ची. तू म्हणालास, "खा मारत्या, बायलेन तुज्यासाठी गावभर पीठ सोधलंय." मी खाल्ली. तसली भाकरी मी परत कधी खाल्ली नाही. चवीचं म्हणत नाही मी.

आता शर्यतीचं. सभेत नवी माणसं असतील, त्यांच्यासाठी नीट सांगतो.

हरमलच्या किनाऱ्यावर एक ऑस्ट्रेलियन म्हातारा राहायचा, टॉम. सत्तरी उलटलेला, कमरेत वाकलेला, तोंडात दात मोजके. दर शुक्रवारी तू त्याला म्हापशाच्या बाजारात न्यायचास आणि परत सोडायचास. एकदा पावसाळा संपल्यावर तू त्याला वाट वाकडी करून आमच्या गॅरेजवर घेऊन आलास, कारण त्यानं तुला सांगितलं होतं की तरुणपणी तो मोटारसायकलच्या शर्यती धावायचा आणि त्या गाड्यांना ब्रेक नसायचे. तुझा विश्वास बसला नव्हता. तू मला विचारायला आणलास, मेकॅनिक म्हणून. मी म्हटलं, ब्रेकशिवाय गाडी म्हणजे मढं बांधायची तिरडी.

म्हातारा रागावला नाही. खाली बसला आणि बोटानं मातीत अंड्यासारखी फेरी काढली. चार माणसं, चार फेऱ्या. गियर एकच. वळणावर मागचं चाक मुद्दाम घसरवायचं, पुढचं उलट्या बाजूला वळवायचं, आतला पाय जमिनीवर टेकून सरकत जायचं. त्या पायाच्या बुटाला लोखंडाचा तळ. ट्रॅकवर घट्ट माती चालत नाही, भुसभुशीत खडी लागते. मग त्यानं गॅरेजच्या दारातली खाणीची लाल खडी मुठीत घेतली, चोळली आणि म्हणाला, हीच. आम्ही टिपरच्या टिपर भरून जी खडी डोंगरावर फेकून देत होतो, तिच्यावर परदेशात लोक तिकीट काढून शर्यती बघत होते.

तू त्याच क्षणी बिघडलास. मला म्हणालास, "ब्रेक आसा म्हणान भय आसा. काडून टाक."

मी म्हटलं, "आणि सोमवारी पॅसेंजर?"

"सोमवारी परत बसय. तू कित्याक आसंस?"

तीन वर्षं मी तेच केलं. शर्यतीच्या सकाळी तुझ्या साडेतीनशेच्या गाडीचे ब्रेक, दिवा, पिवळं मडगार्ड काढायचं आणि संध्याकाळी परत बसवायचं. बुटाचा तळ मी टिपरच्या मोडक्या फाळक्याचा पत्रा कापून केला. उजव्या पायाचा. हे उजव्या पायाचं लक्षात ठेवा, सगळं तिथंच आहे.

मैदान म्हणजे आमोण्याला नदीकाठची तुझ्या मामाची शेतं, भात कापल्यावर रिकामी पडलेली. मधोमध राखणदाराचा दगड. त्याला नारळ आणि विडी ठेवल्याशिवाय मामा नांगरही घालत नसत. आम्ही दोरीनं मैदान मापायला गेलो तेव्हा मामा दगडाशेजारी उभे राहिले आणि म्हणाले, "धावा. पण फिरायचा तर प्रदक्षिणेसारखा. राखणदार उजव्या हाताक. डाव्या हातान फिरशात तर एक गाडी उबी रवाची नाय."

टॉमनं सांगितलं, जगभर ही शर्यत डावीकडे वळत धावतात, उजवीकडे कोणीच नाही. तू माझ्याकडं बघितलंस. आणि सगुण, मी म्हटलं, मामा म्हणतात तसंच करू, आमच्याकडंपण देवाला डाव्या हातानं फिरत नाहीत. मला भीती वाटली होती. तुझी कमी, राखणदाराची जास्त. म्हणून आमची शर्यत उजवी झाली. टॉम हसता हसता खोकायला लागला. मग म्हणाला, इंग्लंडातसुद्धा अगदी सुरुवातीला एक शर्यत अशीच उलट्या बाजूनं धावली होती, आणि ती आज सगळे मोठ्या मानानं सांगतात. सुरुवातीला कोण कुठल्या बाजूनं फिरला हे कोणी विचारत नाही, पुढं विचारतात.

हे शेवटचं वाक्य मी विसरलो असतो तर बरं झालं असतं.

'जागतिक' हे नाव तुझं. धावायला तू, जयवंत, खाणीवरचा नेपाळी वॉचमन आणि हरमलहून टॉमनं आणलेले एक जर्मन आणि, कुणी पडलं तर बदली म्हणून, एक फ्रेंच. तू बोटं मोजलीस. "इंडिया, नेपाळ, जर्मनी, फ्रान्स. रेफ्री ऑस्ट्रेलियाचो. पाच देश झाले मरे! आता ही जागतिक." मी हसलो. टॉम हसला नाही. तो म्हणाला, आमच्या वेळी वर्ल्ड चॅम्पियनशिपा अशाच व्हायच्या. ज्याच्याकडं मैदान असेल तो पाटी लावायचा. एकाच वर्षी दोन देशांत दोन जगज्जेते निघायचे, आणि दोघंही खरे. पुढं मोठ्या लोकांनी एक अधिकृत स्पर्धा काढली, आणि पुस्तकं तिथनं सुरू झाली. त्याच्या आधी जिंकलेले कुठं गेले? टॉमनं हवेत फुंकर मारली. तो स्वतः त्यातल्या एकात तिसरा आला होता. कुठल्याच पुस्तकात तो नव्हता.

पाटी मीच रंगवली. जयवंत भांडला, कोकणीत लिही म्हणून. तू म्हणालास मराठीत. ते दिवसच तसे होते, बायकोशी बोलतानाही माणूस भाषा तपासून बोलायचा. शेवटी पाटीच्या एका अंगाला मराठी, दुसऱ्या अंगाला कोकणी. वारा आला की पाटी गरगरायची आणि दोन्ही वाचून व्हायच्या. तू म्हणालास, "घरात कोकणी, देवळात मराठी, पोलिसाकडे हिंदी, गाडयेक गाळी. आमका सगळ्यो येतत. भांडतत कित्याक?"

पहिल्या शर्यतीत तू पहिल्या वळणावर गाडी आडवी टाकलीस तेव्हा मी डोळे मिटले. उघडले तर लाल धुरळ्याची भिंत, तिच्यातून तुझा उजवा पाय पुढं, बुटाखाली ठिणग्या, आणि तू शिव्या देत येतोयस. नदीतनं खनिजाची बार्ज चालली होती, तिच्या खलाशांनी भोंगा वाजवला. चार फेऱ्या. तू पहिला, जयवंत दुसरा, जर्मन तिसरा. नेपाळी दादा मामांच्या केळीत. दुसऱ्या वर्षी तू पहिला. तिसऱ्या वर्षी तू पहिला, आणि तेव्हा बघायला शेतात पाय ठेवायला जागा नव्हती.

दुसऱ्या आणि तिसऱ्या शर्यतीच्या मधलं एक सांगायचं राहिलं. सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

राजभाषा कोकणी की मराठी, त्या आंदोलनात रस्ते बंद होते. तू मला घेऊन पेडण्याहून येत होतास. वाटेत झाडं तोडून टाकलेली, टायर पेटलेले, आणि हातात दांडे घेतलेली दहा-बारा माणसं. कुठल्या बाजूची होती ते मी आजही सांगणार नाही, दोन्ही बाजूंना दांडे होते. एकानं माझ्याकडं बोट केलं, "हो खंयचो? उलय पळोवया." मी तोंड उघडलं असतं तर कोल्हापुरी बाहेर पडली असती. तू गाडीवरनं न उतरता म्हणालास, "ह्यो माज्या मावशेचो झील. इब्रामपूरचो. मुको आसा." आणि वर मला मागं वळून हातवारे करून विचारलंस, भूक लागली का म्हणून! मी मान डोलावली. त्यातला एक जण हळहळला, त्यानं मला केळं दिलं. डिचोली येईपर्यंत मी केळं हातात धरून मुका बसलो, आणि तू पुढं हसून हसून गाडी वाकडी चालवत होतास.

एका वाक्यानं तू मला घरी आणलंस. खोटं वाक्य होतं. माझ्यावर तुझ्यासाठी एक खरं वाक्य बोलायची पाळी आली, तेव्हाचं सांगतो.

गोवा घटक राज्य झाला आणि सगळ्यालाच राज्याचं नाव लागायला लागलं. मोटारसायकल शर्यतीचीही समिती झाली. अध्यक्ष कोण? तर माझे पात्रांव. पात्रांव म्हणजे मालक, ज्यांचे टिपर मी दुरुस्त करत होतो. समितीनं जाहीर केलं, पहिली राज्य अजिंक्यपद स्पर्धा होणार. पण त्याआधी मद्रासला एक मोठी शर्यत होती, तिथं गोव्यातनं एकच माणूस पाठवायचा होता. आमोण्याच्या तीन शर्यती धरल्या तर जाणार तू. दुसरं नाव नव्हतंच. नाही धरल्या तर समिती निवडेल तो, आणि पात्रांवांच्या पुतण्यानं नुकतीच परदेशी गाडी आणली होती.

तू अर्ज केलास. इंग्रजी फॉर्म, तो म्हापशाच्या वकिलाकडून भरून घेतला. एवढी वर्षं कोकणी की मराठी म्हणून डोकी फुटली, आणि फॉर्म आला तो इंग्रजीत. तू म्हणालास, "बघ, आता कोणच जिकलो नाय." समितीनं सुनावणी ठेवली. नियम काय, तर उमेदवारानं बोलायचं नाही, एक साक्षीदार आणायचा. टॉम तोवर परत गेला होता, त्याला इथं राहायची मुदत मिळाली नाही. तू म्हणालास, "मारत्या आसा मरे. मैदान कोणी मापलां? तेनाच."

आता ऐक. इथनं पुढचं तुला माहीत नाही.

सुनावणीच्या आदल्या दिवशी दुपारी पात्रांव गॅरेजवर आले. मी टिपरखाली होतो. ते खाली वाकले, अगदी गुडघे टेकून, पांढऱ्या पँटीनं. म्हणाले, "मारुती, तूं आमचो मनीस. फाल्यां विचारतले, फेरी खंयच्या वटेन आशिल्ली. तूं सांग, उजवी. फट मार म्हणून सांगना हांव. खरें तेंच सांग. बाकीच्यो गजाली नाकात." मी टिपरखालनं म्हटलं, "बरं पात्रांव." एवढंच. त्यांनी धमकी दिली नाही. पुढं कधी कुणी मला विचारलं असतं, तर धमकी दिली म्हणून सांगता आलं असतं. त्यांनी नुसतं खरं तेवढं बोल, बाकीचं काही नको म्हणून सांगितलं, आणि मी हो म्हणालो. मला वाटलं, नाही म्हटलं तर ट्रंक उचलून घाट चढायला लागेल. गावी काय होतं? तीन भावांत वाटलेलं माळरान आणि 'सातवी नापास परत आला' म्हणणारा पार.

हॉलमध्ये टेबलामागं पाच जण. मधले पात्रांव माझ्याकडं बघतही नव्हते. एकानं विचारलं, "फेरी कुठल्या दिशेनं होती?"

मी म्हटलं, "उजवीकडून."

"जगात ही शर्यत कुठल्या दिशेनं होते, माहीत आहे?"

"डावीकडून."

"म्हणजे ती ही शर्यतच नव्हे. गावातली मजा म्हणायची. बरोबर ना?"

सगुण, तेव्हा मी सांगायला हवं होतं की राखणदार उजव्या हाताला ठेवला तो मीच ठेवायला लावला. की इंग्लंडातली सुरुवातीची एक शर्यतही उलटी धावली होती आणि ती मोजतात. की चार माणसं, चार फेऱ्या, ब्रेक नाही, खडी तीच, रेफ्री असा की ज्यानं स्वतः जगाची शर्यत धावलेली. सगळं मला पाठ होतं. तू माझ्याकडं बघत होतास, बाकाच्या टोकावर बसून, दोन्ही हात गुडघ्यांत घालून. तुला वाटत होतं मी आता सांगेन.

मी म्हटलं, "होय." आणि त्यांनी पुढं केलेल्या कागदावर सही केली. कागद इंग्रजीत होता. मी वाचून दाखवा असंही म्हटलं नाही.

परत येताना अस्नोडा लागलं. तिथं चहाला थांबलास. बशीत चहा ओतलास आणि म्हणालास, "त्या दिसा मी तुका मुको म्हटलंय, ता तू मनार घेतलंस मरे." मला हसायलाही आलं नाही आणि रडायलाही. मी म्हटलं, "सगुण, मी खरं तेच बोललो." तू म्हणालास, "खरां सांगितलंस. पण कोणाक सांगितलंस?" मग मीच चिडलो. म्हटलं, उजवी फेरी तुझ्याच मामाची अट, मला काय बोलतोस? खोटं बोलायला हवं होतं का? तू म्हणालास, "खोटां नको होतां. पुरां होयां होतां." आणि चहा न पिता उठलास.

तुला वाटलं, पाच जण बघून माझी बोबडी वळली. पुढं तू माझी तशीच समजूत घातलीस, "जाता रे, मोठ्यांफुडें माणूस भियेता." मी ती समजूत घेतली. चार वर्षं घेतली. खरं हे आहे की मी त्या टेबलापुढं घाबरलो नाही. मी आदल्या दिवशीच विकला गेलो होतो, टिपरखाली पडल्या पडल्या, चेहरा दिसत नसताना.

मद्रासला पुतण्या गेला. पहिल्याच फेरीत बाहेर होऊन परत आला आणि त्याचा स्टँडवर सत्कार झाला. राज्याच्या पहिल्या अजिंक्यपदात तूही उतरलास. फेरी डावी. मी तुला डाव्या पायाचा तळ करून दिला. तीन वर्षं उजवीकडे पडणारं अंग डावीकडे पडेना. पुतण्या पहिला आला, तू चौथा, चौघांत. माईकवाला म्हणाला, "आमोण्याचे जागतिक विजेते आत्ता येत आहेत." लोक हसले. तू गाडी ढकलत माझ्याकडं आलास आणि म्हणालास, "ब्रेक बसय." त्यानंतर तू ते काढायला कधी सांगितलं नाहीस. आमोण्याची शर्यत परत झाली नाही. मामा विचारायचे. तू म्हणायचास, वेळ नाय.

मला तू सोडलं नाहीस, याचाच मला सगळ्यात जास्त त्रास आहे. माझ्या लग्नाला घाट चढून आलास. मुलगी झाली तेव्हा तुझ्याच गाडीवर बायकोला दवाखान्यात नेलं, खड्डे चुकवत, पायलट असून बैलगाडीच्या वेगानं. तू एकदा शिव्या घालून मला घराबाहेर काढलं असतंस तर मी मोकळा झालो असतो. तुझा चांगुलपणा मला पुरून उरला. हे मी कौतुकानं म्हणत नाही.

हॉस्पिटलमध्ये सहाव्या दिवशी वहिनी पेज आणायला खाली गेल्या. मी स्टूल पुढं ओढलं. म्हटलं, "सगुण, ते पात्रांव आदल्या दिवशी..." तू डोळे उघडलेस. हळदीसारखे पिवळे. म्हणालास, "गाडयेचां तेल बदल्लंस?" मी म्हटलं, बदललं. बदललं नव्हतं. तू डोळे मिटलेस. तुला ऐकायचं नव्हतं की ऐकू आलं नव्हतं? की तुला आधीपासनंच ठाऊक होतं? हे मला आता कोण सांगणार? गाडीचं तेल मी त्या संध्याकाळी जाऊन बदललं.

दहाव्याला वहिनी मला म्हणाल्या, "मारुतीभावजी, तुमीच तेंका शेवटपर्यंत सांबाळलात." 

परवा, मंगळवारी, मी रजा टाकून म्हापशाला समितीच्या ऑफिसात गेलो. ठरवून गेलो होतो की तो कागद मागायचा आणि त्याखाली लिहायचं, ही सही मी परत घेतो. तिथं एक मुलगी बसते. तिनं कपाट उघडलं, दोन फायली झटकल्या, नाक दाबलं. म्हणाली, "त्या वर्साचें कांयच ना. वाळवी लागिल्ली, सगळें उडयलें." मी विचारलं, कुणी मागितला होता का तो कधी? ती म्हणाली, "कोण मागतलो?"

माझी सही गेली, सगुण. चार वर्षं जी सही मला रात्रंदिवस टोचत होती, ती समितीला चार दिवसही लागली नव्हती. ज्या कागदानं तुला मद्रास चुकलं तो वाळवीनं खाल्ला, आणि निकाल मात्र जसाच्या तसा आहे. समितीच्या भिंतीवर विजेत्यांचा बोर्ड आहे. पुतण्याच्या नावापुढं 'पहिला' असं लिहिलंय. सोनेरी रंगात.

मागं घ्यायला कागदच उरला नाही म्हणून मी हे माणसांसमोर मागं घेतोय. समितीनं विचारलं आणि मी गिळलं ते आता पूर्ण सांगतो: आमोण्याला तीन वर्षं शर्यत झाली. ती शर्यतच होती. गाड्यांना ब्रेक नव्हते हे मी सांगतो, कारण ते मी माझ्या हातानं काढले. फेरी उजवी होती कारण शेतात देव होता आणि आम्ही त्याला मानत होतो. तिन्ही वेळा सगुण पहिला आला. सुमनवहिनी, तुम्ही पुढच्या रांगेत बसला असाल. मी त्याला सांभाळलं नाही. सांभाळायची वेळ एकदाच आली होती, आणि मी आदल्या दिवशी दुसऱ्याला शब्द देऊन बसलो होतो.

सभेचे अध्यक्ष पात्रांव आहेत. पायलटांनीच त्यांना बोलावलंय, कुणाला काय माहीत! तुझ्या फोटोला हार तेच घालतील. ते माझ्यापासून चार हातांवर बसलेले असतील.  सोमवारी मला गॅरेजमध्ये घेतील की नाही ठाऊक नाही. बायकोला सांगितलंय, ती म्हणाली, "वाचा. आजरा कुठं पळून गेलंय?"

तरी माझा मला भरवसा नाही. म्हणून इथवर लिहिलेल्याची एक नक्कल करून मी काल जयवंतला दिली. त्यानं स्टँडवर उभ्या उभ्या शेवटपर्यंत वाचली.  मग म्हणाला, "पात्रांव येतलो मरे?" मी म्हटलं, येणार. तो म्हणाला, "बरें," आणि कागद घडी करून शर्टाच्या खिशात घातला, बटण लावलं. मी वाचता वाचता कुठं थांबलो, तर तो उठेल आणि तिथनं पुढं वाचेल.